दर वर्षी मरणारा राजा

आमच्या गावच्या जत्रेत दर वर्षी नाटक व्हायचं आणि दर वर्षी बाबाच राजा व्हायचे. गावातल्या एका गुरुजींनी लिहिलेलं नाटक. फार जुन्या काळातली दोन राज्यं, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. इकडचा राजा, तिकडची राणी. शेवटी दोघंही विष पितात. राणीचं डोकं मांडीवर घेऊन बाबा म्हणायचे, "आग लागो त्या सिंहासनाला, ज्याला माणसाचं काळीज कळत नाही!" आणि खरोखर रडायचे. बायका पदर तोंडाला लावायच्या. शहापूरच्या बाजारात गेले तरी लोक त्यांना "काय राजे!" म्हणून हाक मारायचे.

राणी मात्र कल्याणहून पैसे देऊन आणायची. गावातल्या पोरीनं स्टेजवर चढायचं म्हणजे घराण्याची शोभाच की! ती बाई आमच्याकडे उतरायची. आई तिला पोटभर जेवू घालायची, पण चहाचा कप वेगळा, कान तुटलेला. ती गेली की तो मागच्या पडवीत पालथा. कुठल्या जातीची, कोणाला ठाऊक! मी तो कप स्वतः विसळलाय, तरी मला अक्कल आली नाही.

कारण लाइटिंग घेऊन म्हसा गावाकडचा एक मुलगा यायचा. राजाराणी मरताना लाल झोत सोडणं त्याचं काम. पुढे मी मुरबाडला कॉलेजात जायला लागले आणि आम्ही तिथल्या एसटी स्टँडवर भेटू लागलो. लग्न करायचं तर त्याच्याशीच, असं मी ठरवलं होतं. जात वेगळी होती. आईला सांगायची सोय नव्हती. पण बाबांची मला पक्की खात्री. जो माणूस दर वर्षी इतका रडतो, त्याला हे कळणार नाही तर कोणाला?

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. बाबा ओट्यावर बसून खोबरेल तेलानं तोंडाचा रंग काढत होते.

"कोनाचा गो तो?"

मी सांगितलं.

"येडी हायस का? आपल्याला या गावात ऱ्हायचंय. भाऊबंद दारात उभं तरी करतील का?"

"आणि काल स्टेजवर बोललात ते?"

"ते राजेलोकांचं गो. त्यांना कोन इचारतो? आमी शेतकरी मानसं."

एवढं बोलून कापसाचा बोळा पुन्हा गालावर फिरवायला लागले. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

उन्हाळ्यात माझं लग्न उरकलं, जातीतलं, वाशिंदला. मांडवाच्या लाइटिंगला मुद्दाम भिवंडीचा माणूस बोलावला. केवढी ती काळजी!

गेल्या जत्रेत मंडळानं बाबांचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि लोकांनी आग्रह करून नाटकातलं शेवटचं भाषण म्हणायला लावलं. आवाज आता फाटलाय, पण डोळ्यांतून धारा तशाच. शेजारची काकू मला कोपर मारून म्हणाली, "बापाचं काळीज बघ गो, लोणी नुसतं!" माझा जळफळाट होत होता. वाटलं, उठावं आणि भर सभेत विचारावं, एकदा तरी खरं रडलात का हो माझ्यासाठी?

बाजूला माझा नवरा डोळे पुसत टाळ्या वाजवत होता. भला माणूस आहे, त्याचा काय दोष? माझ्याकडे वळून म्हणाला, "नशीबवान आहेस, असा बाप मिळाला."

मी हो म्हटलं.