दाताळ्याचा तक्ता

“दमा मालक, घाई गाडीला हाय, तुमाला नाय.” रेल्वे फाटकाचं चाक फिरवता फिरवता हे वाक्य आमचा गेटमन सायकलवाल्याला ऐकवायचा आणि जीपमधल्या साहेबालाही. साहेबाने हॉर्न वाजवलाच, तर चाक आणखी सावकाश फिरायचं.

नाशिकरोडहून मनमाडकडे जाताना लागणाऱ्या एका लहानशा स्टेशनावर मी तेव्हा तिकिटं देत असे. ऐंशी साल उजाडायचं होतं. सकाळची पॅसेंजर गेली की खिडकीवर चिटपाखरू नसायचं. मग मी रुळाच्या कडेने त्याच्या फाटकावर चहाला जायचो. तुम्हीही कधीतरी अशा फाटकाबाहेर अडकून आतल्या माणसावर चडफडला असाल. मी आतल्या बाजूला बसायचो, म्हणून मला तो माणूस भेटला.

फाटकाला लागून एक खोली, तीत तो आणि त्याची बायको. दारात मेथी, वांगी आणि एक शेवगा. कांद्याचे ट्रॅक्टर अडले की ड्रायव्हर आधी शिव्या द्यायचे, मग चार कांदे द्यायचे. तो दोन्ही हसत घ्यायचा.

एके दिवशी कप खाली ठेवून तो म्हणाला, “बाबू, सिग्नलचा खांब दिसतो. खांबावरचं काय दिसत नाय.”

महिन्याभरात त्याला डोळे तपासायला भुसावळला रेल्वेच्या दवाखान्यात जायचं होतं.

“नापास झालो तर फाटक जाईल, संगं ही खोली जाईल. हिला कुठं नेऊ?”

यावर रेल्वेत एक जुना उपाय होता. निरक्षर माणसांसाठी दवाखान्यात तीन दातांच्या खुणांचा तक्ता असे. दात कुठल्या बाजूला आहेत, एवढंच सांगायचं. रुळांवर काम करणाऱ्या आमच्या एका खलाशाने तो तक्ता मागच्या खेपेला पाठच करून आणला होता. मी तो कॅलेंडरच्या पाठीवर काढून दिला. तो बघून आमचा गडी हसला, “हे तर माती ओढायचं दाताळं हाय!”

मग काय, चाक फिरवता फिरवता घोकंपट्टी सुरू झाली. “दाताळं वर, दाताळं डावीकडं, दाताळं खाली...” आठ दिवसांत त्याच्या बायकोलाही पाठ झालं. तो चुकला की ती भाजी निवडता निवडता आतून ओरडायची, “अवं, उजवीकडं!” मी मोठ्या ऐटीत मास्तरकी करत होतो. आपण काय करतोय, हे माझ्या मनाला शिवलंही नाही. आज लाज वाटते.

भुसावळला जायच्या आदल्या दिवशी त्याने दोन्हीकडचं फाटक पाडलं आणि मधूनच आवाज आला, “अरे मुडद्या, मी आत हाय ना!” गावातली एक म्हातारी शेळीसकट रुळांवर उभी होती. गाडी अजून लांब होती. त्याने धावत जाऊन तिला बाहेर काढलं. बाहेरचे लोक खो खो हसले, मीही हसलो. तो मात्र हसला नाही. त्या दिवशी चहाही झाला नाही.

भुसावळहून तो परतला तेव्हा मी प्लॅटफॉर्मवरच उभा होतो.

“पास ना?”

“नापास.”

“अहो, तक्ता बदलला की काय?”

“त्योच व्हता, बाबू. समदा पाठ व्हता. पण डाक्टरांनी तक्त्यावर काठी ठेवली आन् मला ती म्हातारी आठवली. तक्ता भिंतीला जागच्या जागी असतो. फाटकातली माणसं हलत्यात. म्हनलं, सायेब, मला दिसत नाय.”

खरं सांगतो, त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, आणि पडलो नाही.

त्याला नाशिकरोडच्या वेटिंग हॉलमध्ये झाडलोटीचं काम मिळालं. निघायच्या दिवशी सामान बैलगाडीत चढलं आणि नेमकं फाटक पडलं. बायकोच्या आणि माझ्या मध्ये, लोकांच्या घोळक्यात, तो पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूला उभा होता. चाकाशी नवा गेटमन होता. मेल धडधडत आली, तसं आमच्या गड्याने माझं मनगट धरलं.

“बाबू, नव्या मानसानं झेंडा धरलाय?”

“धरलाय.”

“हिरवा?”

“हिरवाच.”

“ताठ धरलाय न्हवं?”

“ताठ धरलाय,” मी म्हणालो.

शेवटचा डबा निघून गेला, तरी त्याने माझं मनगट सोडलं नव्हतं.