गच्चीवरच्या चार गच्च्या

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर चार गच्च्या होत्या. एकीवर एक. मूळ स्लॅबवर बिल्डरने घातलेला कोबा, तो गळायला लागल्यावर त्याच्यावर घातलेला दुसरा, मग तिसरा, आणि मी गंगापूर रोडच्या या गल्लीत राहायला आले त्याच उन्हाळ्यात घातलेला चौथा. कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट-वाळू यांचा जाड थर, पाणी मुरू नये म्हणून घालतात. नवा घालायचा तर जुना आधी फोडून काढावा लागतो. यात समजायला अवघड काही नाही. पण फोडायचं म्हटलं की धूळ होते, आवाज होतो, राडारोडा खाली उतरवावा लागतो आणि लिफ्ट खराब होईल म्हणून सगळे ओरडतात. त्यामुळे दर कमिटीने आपापला थर घातला, नारळ फोडला आणि गच्ची पुढच्या कमिटीच्या हवाली केली.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. नव्या इमारती बांधत नाही, जुन्या दुरुस्त करते. हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर थोडी कीव येते, जणू मला बांधायला कोणी दिलंच नाही. नव्या टॉवरच्या इंजिनिअरला हार घालतात. दुरुस्तीवालीला विचारतात, रंग कधी लावणार? आमच्या शहरात इमारतीच्या सगळ्या दुखण्यांवर रंग हे एकच औषध आहे. कॉलमला भेग पडली, भरा पुट्टी, मारा रंग, दिवाळी आलीच आहे. छत सुटायला लागलं की खालून पीओपीचं सीलिंग ठोकतात आणि त्यात दिवे बसवतात, म्हणजे सुटलेलं दिसायला नको. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. माझं डोकं तापतं. नवरा म्हणतो, तू इथे राहायला आली आहेस की साइटवर? मी म्हणते, दोन्हीकडे स्लॅब डोक्यावरच असतो.

वरच्या मजल्यावर, गच्चीच्या दाराला लागून, एक बाई एकट्या राहतात. महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. सगळी बिल्डिंग त्यांना बाईच म्हणते. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांचा पलंग स्वयंपाकघरात होता.

मला वाटलं, गुडघे दुखतात म्हणून असेल. तर नाही. आधी पलंग बेडरूममध्ये होता. तिथे पावसाळ्यात गिलाव्याचा ढपला उशीवर पडला, म्हणून त्यांनी तो हॉलमध्ये आणला. हॉलमध्ये ओल आली, म्हणून स्वयंपाकघरात. दर पावसाळ्याला त्यांचं घर एका खोलीने कमी होत होतं आणि त्या मला चहाबरोबर खारी देत होत्या. मी पिशवीतली हातोडी काढून स्टुलावर चढले आणि बेडरूमचं छत वाजवून पाहिलं. चांगला स्लॅब टणक वाजतो. हा जिथे ठोकावा तिथे बदबद वाजत होता. एका कोपऱ्यात नुसत्या बोटाने काँक्रीटचा पापुद्रा निघाला आणि आतली सळई दिसली, गंजून तिला पदर सुटलेले. गंजलेली सळई फुगते आणि आपल्याभोवतीचं काँक्रीट ढकलून पाडते. त्यात वर चार थरांचं वजन. मी स्टुलावरून उतरले ती चिडूनच.

"तुम्ही सोसायटीला सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"सांगितलं होतं एकदा. ते म्हणाले, आतला गिलावा ज्याचा त्याने करायचा."

"खोटं आहे ते. गच्ची सोसायटीची. तुम्ही भांडायला हवं होतं."

बाई हसल्या. मग त्यांनी सांगितलं. त्या आणि त्यांचे मिस्टर इथे राहायला आले तेव्हा या गल्लीत त्यांच्यातलं कोणी नव्हतं. दोघं सकाळी कामावर जायची, म्हणून दूधवाला त्यांची पिशवी शेजारी ठेवायचा. दारावर आडनावाची पाटी लागली आणि दोन दिवसांत शेजारच्यांनी दूधवाल्याला सांगितलं की आमच्याकडे ठेवू नको. ते कुटुंब कधीच घर विकून गेलं. बाईंनी हे सांगितलं ते शाळेतली एखादी गंमत सांगावी तसं.

"तू तक्रार केलीस तर ती तुझी तक्रार असते," त्या म्हणाल्या. "मी केली की ती माझी एकटीची राहत नाही. लगेच 'ह्या लोकांचं' होतं. त्यापेक्षा पलंग हलवणं सोपं."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आख्खी बिल्डिंग या बाईच्या गप्प बसण्यावर निवांत झोपत होती.

मी मीटिंग बोलवायला लावली. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो. आमचे चेअरमन लासलगावचे कांद्याचे व्यापारी. मुलांच्या शिक्षणासाठी नाशिकला घर केलं, तिकडे लिलाव आटोपून रोज येतात. माणूस मोकळा, दिलदार, आवाज लिलावातला. मी म्हटलं, चारही थर फोडून काढायचे, स्लॅब दुरुस्त करायचा, तोपर्यंत गच्चीवर कोणी जायचं नाही.

"ओ मॅडम, आपल्या खळ्यावर कांद्याचा भरेल ट्रॅक्टर फिरतो, काय नाय होत. ही तर चार थरांची गच्ची हाय. जेवढी जाड तेवढी मजबूत."

"खळ्याच्या खाली जमीन आहे. इथे खाली बाई राहतात."

"आता चौथा थर तर मीच घातला ना उभं राहून."

"कोबा स्लॅबला उचलत नाही, स्लॅब कोब्याला उचलतो. हमालाच्या पाठीवर चौथी गोणी दिली म्हणून त्याची ताकद वाढते का?"

लोक हसले. चेअरमनही हसले. मला वाटलं, पटलं. मग एकेक सुरू झाले. गणपती होऊ द्या. गणपती झाले की नवरात्र. कोजागिरी तरी होऊ द्या मॅडम, दरवर्षी गच्चीवर असते, पोरंसोरं वाट बघतात. आणि मग दिवाळीच्या तोंडावर कोण धूळ उडवणार? या गावात स्लॅब पडायचा असेल तर त्यानेही पंचांग बघून पडावं, अशी अपेक्षा आहे. शेवटी ठरलं ते एवढंच की दिवाळीनंतर बघू. बाई मागच्या खुर्चीत बसल्या होत्या. मीटिंग संपल्यावर त्यांनी रिकाम्या खुर्च्या एकात एक लावल्या.

मी माझ्या साइटवरचे लोखंडी जॅक आणून बाईंच्या हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये उभे केले. जॅक म्हणजे खालीवर करता येणारे खांब. छताला टेकू देतात. कोणाला विचारलं नाही. घर बांधकामासारखं दिसायला लागलं. बाई म्हणाल्या, जाता येता जणू कुणीतरी उभं आहे असं वाटतं. मी म्हटलं, तसंच आहे, हलवू नका.

कोजागिरीच्या दिवशी मी साइटवरून लवकर परतले, कारण माझा कोणावर विश्वास नव्हता. गच्चीवर गेले तर मांडव उभा होता. बिल्डिंगभरच्या खुर्च्या, स्पीकरचे खोके, पाण्याने काठोकाठ भरलेला ड्रम, दुधासाठी मोठी शेगडी. हे सगळं नेमकं बाईंच्या बेडरूमच्या डोक्यावर. मी धावत खाली आले. बाईंचं दार सताड उघडं होतं आणि आतले जॅक काढून व्हरांड्यात आडवे टाकले होते.

बाई पांढरी साडी नेसून बसल्या होत्या. पलंग हॉलमध्ये आणला होता, त्यावर नवी चादर होती. ट्रेमध्ये ग्लास धुऊन पालथे घातले होते. बुद्धमूर्तीपुढे ताजी फुलं होती.

"जॅक कोणी काढले?"

"मीच सांगितलं वॉचमनला. त्याला बोलू नकोस."

"का पण?"

"अगं, लोक येतात ना आज."

कोजागिरीला वरच्या मजल्याचं घर सगळ्यांसाठी उघडं असतं. बायका दूध आटवायला बाईंचं पातेलं नेतात, फ्रिज वापरतात, लहान मुलांना बाथरूमला आणतात, म्हाताऱ्या गच्चीवर गारठा लागला की बाईंच्या हॉलमध्ये येऊन गप्पा मारत बसतात. हे मी ऐकून होते. पण वर्षभरात लोक या घरात येतात ते याच एका दिवशी, हे मला माहीत नव्हतं.

"खांब बघून कोण आत बसेल? घर घरासारखं दिसायला पाहिजे," बाई म्हणाल्या.

मी त्यांच्यावर ओरडले. आपल्याहून वयाने मोठ्या, आजवर कोणाला दुखवलं नाही अशा बाईवर मी तोंडाला येईल ते बोलले. मरायचंय का, म्हणाले. या लोकांसाठी? जे वर्षभर तुमचं छत पडताना बघत नाहीत त्यांना ग्लास धुऊन ठेवता? त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हळू बोल. वर ऐकू जाईल."

मी व्हरांड्यात जाऊन वॉचमनला हाक मारली आणि दोघांनी जॅक परत उभे केले. मग गच्चीवरून चेअरमनना हाताला धरून खाली आणलं. ते सोनेरी काठाचा सदरा घालून आले होते. त्यांना बेडरूमच्या दारात उभं केलं आणि सुटलेल्या भागावर हातोडी मारली. एकदाच. पाट्याएवढा तुकडा खाली आला, धूळ झाली, सदरा भरला. वर सळई उघडी पडली. मी म्हटलं, हात लावा. त्यांनी लावला. सळईची पूड त्यांच्या बोटांवर आली. वरून कोणीतरी खुर्ची सरकवली, ती छतातून ऐकू आली.

"खाली घ्या सगळं," चेअरमन वर ओरडले. "ए, तो ड्रम आधी रिकामा करा. खाली, खाली, पार्किंगमध्ये." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपल्याला वाटायचं, ओल असंल."

त्या वर्षी कोजागिरी पार्किंगमध्ये झाली. चंद्र दिसेना, म्हणून दुधाचं पातेलं चौघांनी उचलून कंपाउंडच्या बाहेर रस्त्यावर नेलं आणि दाखवून परत आणलं. सगळे माझ्याकडे असे बघत होते की चंद्र मीच पळवला. मला काही वाटलं नाही. मी जिंकले होते. एक ग्लास घेऊन वर गेले. बाई पलंगाच्या कडेला बसून होत्या, चादरीला एक सुरकुती नव्हती. त्यांनी दूध घेतलं, केशर छान आहे म्हणाल्या. खाली चला म्हटलं तर, गुडघे दुखतात म्हणाल्या.

त्यानंतर काम मात्र झपाट्याने झालं. चेअरमननी शब्द पाळला. चारही थर फोडले, ट्रॅक्टर भरभरून राडारोडा गेला. वरचं वजन उतरलं तेव्हा मलाच हलकं वाटलं. सळया घासून त्यांना गंज न धरणारा लेप दिला, काही ठिकाणी नव्या जोडल्या, सुटलेलं सगळं काढून नवं भरलं, वर एकच पातळ थर घातला, पाण्याला उतार दिला. पुढच्या पावसाळ्यात मी भर पावसात जाऊन छत वाजवून पाहिलं. टणक. बाईंचा पलंग बेडरूममध्ये परत गेला होता. अशी कामं मी पुष्कळ केली आहेत, पण याच्याइतकं नीट एकही नाही.

आणि मग पुन्हा कोजागिरी आली. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: सर्वांनी पार्किंगमध्ये जमावे. मी चेअरमनकडे गेले. म्हटलं, गच्ची आता भक्कम आहे, सगळी बिल्डिंग नाचली तरी काही होणार नाही, मी जबाबदारी घेते.

"ते ठाऊक हाय मॅडम. पण खालीच बरं पडतं. लिफ्टवर लोड नाय, खुर्च्या वर न्यायला नको, म्हाताऱ्या माणसांना तरास नाय. तुमचीच तर आयडिया."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच मला सहन होईना. वाईट असतं तर भांडता आलं असतं. मी बाकीच्यांनाही विचारलं. सगळे म्हणाले, खालीच बरं. गच्चीची किंवा वरच्या घराची आठवण कोणालाच येत नव्हती. बाईंना बोलवायचं कोणाच्या डोक्यात नव्हतं असंही नाही. निरोप सगळ्यांना गेलाच होता. बाईंनाही गेला होता.

संध्याकाळी खाली गाणी सुरू झाल्यावर मी वर गेले. बाईंचं दार उघडं होतं. दिवे सगळे लावलेले होते. पांढऱ्याशुभ्र छताला कुठे भेग नव्हती, खाली खांब नव्हते. घर घरासारखं दिसत होतं. बाई खुर्चीत बसल्या होत्या, शेजारी ट्रे होता. मला बघून त्यांनी माझ्या मागे, जिन्याकडे पाहिलं. मी एकटीच होते.

"छत आता चांगलं झालंय ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो बाई. काही धोका नाही आता."

"मग?"