सायकलवर कॅमेरा बसेपर्यंत

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे आमच्याकडे किस्से साठतात. मुद्दाम कुणी साठवत नाही. काम चालू असतं आणि पाळी संपताना बघावं तर पायाशी ढीग! मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, बावीस वर्षं. दुसऱ्याच्या चुका शोधायच्या आणि लाल टॅग लावायचा, हे माझं काम. त्यामुळे स्वभावही तसाच झालाय, असं घरचे म्हणतात. म्हणू देत!

पहिल्या पाळीला सायकलवर येणारे आम्ही चौघं. टूलरूमचे गायधनी मामा, वय सत्तावन्न. पावडर कोटिंगचे रफिकभाई, मूळ मालेगावचे, रस्त्यातल्या प्रत्येकाशी ओळख असलेले. सीएनसी मशीनवरची पल्लवी, सुरगाण्याकडची, विल्होळीत खोली घेऊन राहते, बोलते कमी आणि ऐकते त्याहून कमी. आणि मी, शोभा.

झालं असं, की कारखान्याच्याच बसने मामांना घासलं आणि पाडलं. खांद्याचं हाड मोडलं. बसच्या कंत्राटदाराचं एकच पालुपद, "आमची बस लांब होती. मामा आपोआप पडले." पस्तीस वर्षं सायकल चालवणारा माणूस आपोआप पडतो का हो? आठवड्याभरात नोटीस लागली. अपघात टाळण्यासाठी पुढच्या एक तारखेपासून सायकली गेटच्या आत येणार नाहीत, स्टँडच्या जागी कार पार्किंग होणार. म्हणजे धक्का मारायचा बसने आणि बंद करायच्या सायकली!

आम्हा तिघांना बसचा पास मिळाला असता. पल्लवीला नाही. ती कंत्राटी, आणि बस फक्त परमनंट लोकांसाठी. विल्होळीहून सातच्या आत गेटवर पोचायला तिच्याकडे सायकलशिवाय काही नव्हतं. सायकल बंद म्हणजे तिची नोकरी बंद, इतकं सरळ होतं ते. मी मोठ्या साहेबांच्या, म्हणजे आमच्या प्लांट हेडच्या केबिनमध्ये जाऊन तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "बस अंगाला खेटून जाते याचा पुरावा आणा. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये बघू."

"आणते!" मी म्हटलं आणि ताडताड खाली आले. जिन्यात लक्षात आलं, की आणायचा कशाने हे काही ठरलेलं नाही.

*

रफिकभाईंच्या मावसभावाचा मालेगावात लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. त्याने एक छोटा ॲक्शन कॅमेरा वापरायला दिला. काडेपेटीपेक्षा जरासा मोठा. फक्त सायकलवर बसवायचा माऊंट हरवलेला. "विकत मिळतो," असा निरोप.

"विकत?" मामांचा हात गळ्यात अडकवलेला होता, तरी ते उसळले. "मग टूलरूममध्ये पस्तीस वर्षं मी काय भजी तळली?"

मामांनी आधी ड्रॉइंग काढलं. वर 'रिव्हिजन झीरो' लिहिलं. मग स्क्रॅपमधला एक लोखंडी ठोकळा घेऊन, रोज जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने माऊंट बनवला. कॅमेरा दीडशे ग्रॅमचा आणि माऊंट दीड किलोचा! मोठ्या ऐटीत माझ्या टेबलावर ठेवला, "तपास."

मी तपासला. एक भोक पॉइंट वन मिलिमीटरने सरकलेलं, ड्रॉइंगवर चालेल त्याहून जास्त. मी लाल टॅग लावला.

"अगं बाई, त्यावर कॅमेरा बसवायचाय, रॉकेट नाही!"

"मामा, ड्रॉइंगवर टॉलरन्स तुम्हीच दिलाय."

मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुसरा माऊंट आला. एकदम ओके. इतका घट्ट, की कॅमेरा आणि माझ्या सायकलचं हँडल एकजीव झाले. त्यामुळे पाथर्डी फाट्यापासून अंबडपर्यंतचा प्रत्येक खड्डा जसाच्या तसा कॅमेऱ्यात गेला. बस कुठली, रस्ता कुठला, आभाळ कुठलं, काही कळेना. सगळं थडथड हलत होतं.

रफिकभाई शांतपणे म्हणाले, "ताई, ये तो भूकंप का पुरावा है."

*

मग रफिकभाईंनी सूत्रं हातात घेतली. "हँडल को मारो गोली. हेल्मेट!"

जुन्या बॅगेची वेल्क्रो पट्टी, त्याखाली डबल टेप, वरून मुलीच्या केसांचं रबर. कॅमेरा हेल्मेटवर फिट्ट. आणि चित्र काय स्थिर आलं, वा! आम्ही टाळ्या वाजवल्या.

पण डोक्यावरचा कॅमेरा डोकं वळेल तिकडे वळतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पस्तीस मिनिटांच्या व्हिडिओत अकरा जणांना सलाम, चार चहाच्या टपऱ्या, एक बकरी, आणि एका मिसळवाल्याचं पातेलं, तेही जवळून. उजवीकडून बसचा हॉर्न कानठळ्या बसवतोय आणि चित्रात डावीकडचं पातेलं!

मी डोक्याला हात लावला. "भाई, बस गेली तेव्हा तुम्ही बघत काय होतात?"

"तर्री," भाई म्हणाले. "आज एकदम लाल होती, ताई."

*

आता माझी पाळी. मी काही टूलरूमची नाही, पण घरात गॅसची नळी बदलायला मला माणूस लागत नाही. सायकलचा पुढचा रिफ्लेक्टर काढला, त्याच्या पट्टीवर कॅमेरा ठेवला, दोन केबल टाय आणि नळीची एक क्लिप लावून आवळला. खाली घडी केलेलं फडकं. सकाळी गेटपर्यंत झकास आलं.

आमच्याकडे आत कॅमेरा न्यायला बंदी. गेटवर वॉचमन फोनच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर लावतो. त्याने यावरही इमानदारीत लावला.

दुपारी सुटल्यावर बस अशी खेटून गेली, की माझी ओढणी तिच्या वाऱ्याने तोंडावर आली. मी रस्त्यावरच ओरडले, "सापडला! सापडला!" घरी न जाता सगळ्यांना टपरीवर बोलावलं. मोठ्या थाटात व्हिडिओ लावला.

काळाकुट्ट! स्टिकर काढायचा राहिला होता. चाळीस मिनिटं अंधार आणि त्यात फक्त माझा आवाज. गेटपासून पाथर्डी फाट्यापर्यंत मी मोठ्या साहेबांबद्दल एकटीच काय काय बोलत आले होते, ते सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

मामांनी शेवटपर्यंत मन लावून ऐकलं. मग माझ्याच खिशातला लाल टॅग काढला आणि माझ्या हेल्मेटला अडकवला.

*

इतके दिवस पल्लवी गप्प होती. एका सकाळी स्टँडवर तिची सायकल बघितली तर हँडलवरची घंटी गायब. घंटीच्या पट्ट्यावर जुन्या स्लिपरच्या रबराचा जाड तुकडा, त्यात कॅमेऱ्याच्या मापाची खाच, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. बस्स. व्हिडिओ पाहिला तर चित्र पाण्यासारखं. खड्ड्यांचे सगळे हादरे त्या रबराने गिळले होते.

मामांनी माऊंट दाबून पाहिला, ओढून पाहिला, वास घेऊन पाहिला. "ड्रॉइंग कुठंय याचं?"

"ड्रॉइंग नाय मामा. चप्पल हाय."

तेवढ्यात आमचा सुपरवायझर तिथून चालला होता. त्याला हसूच आवरेना. "चपलेवर कॅमेरा? अगं, कारखान्याचं नाव घालवशील!"

पल्लवीने मानही वर केली नाही. ट्यूबची गाठ आवळत म्हणाली, "नाव बस घालवते, साहेब. मी निस्ती शूटिंग करते."

*

आता खरा किस्सा.

पल्लवीचा अख्खा व्हिडिओ आम्ही कॅन्टीनमध्ये चौघांनी मिळून पाहिला. बस आली. गेली. आणि आमची तोंडं उतरली. त्या कॅमेऱ्याचं भिंग असं, की सगळं दूर दिसतं. पल्लवीच्या कोपराला वारा देऊन गेलेली बस चित्रात दहा फुटांवर दिसत होती.

"अरे, ही तर खरंच लांब दिसते!" मामा म्हणाले. मीटिंगला सहा दिवस राहिले होते.

पल्लवीने डबा बंद केला. "मंग मी गावाकडं जाऊ का, ताई?" एवढंच म्हणाली. मला इतका राग आला, की हातातला घास तसाच डब्यात टाकला. उभं आयुष्य मापं घेण्यात गेलं आणि एका पोरीच्या कोपराचं आणि बसचं अंतर आम्हाला दाखवता येऊ नये?

मामा उठले आणि टूलरूममधून एक डबी घेऊन आले. मार्किंग ब्ल्यू. लोखंडाचे दोन भाग एकमेकांना टेकतात की नाही, यावर टूलरूममध्ये कुणी वाद घालत नाही. एकावर ही लवकर न वाळणारी निळी शाई लावायची आणि दुसऱ्याला भिडवायचं. दुसऱ्यावर निळं उमटलं, की विषय संपला.

मामांनी मशीनला हवा पुरवणारी मऊ प्लास्टिक नळी हातभर कापली. तिच्या टोकाला स्पंजचा तुकडा बांधला, तो ब्ल्यूमध्ये बुडवला आणि नळी पल्लवीच्या कॅमेऱ्याशेजारी, उजवीकडे बाहेर निघेल अशी बसवली. "जो लांबून जाईल त्याला काही होणार नाही," मामा म्हणाले. "आपण आता बोलायचं नाही. ब्ल्यू बोलेल."

सहा दिवस पल्लवी तशी आली, तशी गेली.

मीटिंगमध्ये त्या सहा दिवसांचा व्हिडिओ लागला. कंत्राटदार खुर्चीत रेलला. "बघा साहेब, मी म्हणत होतो ना? बस लांब आहे." साहेबांनी मान डोलावली.

"साहेब," पल्लवी म्हणाली, "जरा खाली येता?"

सगळे खाली आले. आवारात बस उभी होती. डाव्या अंगाला, पुढून मागे, निळ्या रेघा. एक नाही, नऊ! कंत्राटदार बस कधी धूत नाही, त्याचे उपकार. मी टेप काढून प्रत्येक रेघेची जमिनीपासूनची उंची मोजली आणि मोठ्याने वाचली. नऊच्या नऊ नळीच्या उंचीच्या.

"कुणीतरी मुद्दाम ओढल्या असतील," कंत्राटदार पुटपुटला. रफिकभाईंनी मोबाइलवर व्हिडिओ पुन्हा लावला आणि चित्राच्या कडेला बसवर घासून वाकणारा स्पंज बोटाने दाखवला.

साहेबांनी घसा साफ केला. "यांच्याकडे मी बघतो. पण सायकली बंद म्हणजे बंद. रस्त्यावर वाहनं असणारच, त्यांना जागा तुम्ही द्यायची. शिस्त सायकलवाल्यांनाच नाही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पल्लवी चालायला लागली. पोर्चमध्ये साहेबांची पांढरी गाडी उभी होती. तिच्या डाव्या बाजूला जाऊन ती थांबली. आम्हीही मागोमाग गेलो.

पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत एक निळी रेघ. सरळ, त्याच उंचीची.

साहेब वाकले. त्यांनी रेघेवर अंगठा घासला. अंगठा निळा झाला.

"साहेब," पल्लवी म्हणाली, "एक तारखेला सायकल कुठं लावू?"

साहेब अंगठ्याकडे बघत राहिले. "स्टँडवर," ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून दार खसाखसा पुसायला लागले.

गळ्यात हात अडकवलेले मामा एक पाऊल पुढे झाले.

"घासू नका, साहेब. अजून पसरतं ते!"