अक्काचा कोरा अनुभव

उभ्या हुबळी-धारवाडात आमच्या अक्काइतकी बंद तोंडाची बाई दुसरी निघणार नाही. माझी ही आतेबहीण हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या एका सहकारी बँकेत कॉम्प्युटरची राखण करते, म्हणजे पासवर्ड सांभाळणं, चोरवाटा बुजवणं, असलं सगळं. आणि ती राखण रोज घरीही घेऊन येते. पिशवीत काय आहे विचारलं तर "भाजी" म्हणते. कसली, ते ताट वाढल्यावर कळतं. एटीएमपुढे बोटांवर पदर धरतात तसा ती घराच्या कुलपावरही धरते, आणि कुलूप तर साधं किल्लीचं आहे. स्वतःचं लग्न ठरल्याचं तिने आत्याला सांगितलं खरं, पण मुलाचं नाव फुटलं साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. ते मूळचे कलघटगीचे मास्तर, आमचे भावोजी, आजही बायकोच्या फोनकडे परक्याच्या वस्तूकडे बघावं तसे बघतात.

मग बँकेने फर्मान काढलं की सुरक्षा विभागाचा प्रमुख प्रमाणपत्रवालाच हवा. विभाग म्हणजे एकटी अक्का. कागदावर मात्र ती लिपिक, पगारही लिपिकाचा. मी स्पष्टच लिहितो, याला चोरी म्हणतात. अक्काने मुकाट्याने अभ्यास केला, परीक्षा पास झाली. आता आजवर सुरक्षेचं काय काम केलं ते प्रसंगांसह लिहायचं आणि खाली मॅनेजरची सही घ्यायची, की प्रमाणपत्र हातात आणि प्रमुखपद तिचं. नाहीतर बाहेरचा माणूस येणार.

तिने लिहिलं, "नेमून दिलेलं काम केलं." बस्स.

"अगं, काय काय वाचवलंस ते लिही की!"

"कुठं भोक होतं ते गावभर सांगू? मग राखण कसली रे?"

"खुर्ची जाईल तुझी!"

"सुम्ने इरो," ती म्हणाली. मला गप्प बसवायचं झालं की ती कन्नडवर येते.

हातापाया पडून चार मोघम ओळी लिहवून घेतल्या आणि सहीसाठी मीच तिच्याबरोबर मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. कागद बघून साहेबांना पंख्याखाली घाम फुटला. "अक्का, ते माझ्या मेव्हण्याचं... मी त्याला माझा पासवर्ड दिला होता आणि तुम्ही पकडलंत, ते यात नाही ना?"

मी कान टवकारले. असला एक प्रसंग लिहिला असता तरी अर्ज पार पडला असता! अक्का शांतपणे म्हणाली, "कसलं, साहेब? माझ्या काही लक्षात नाही."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. लगेच त्यांना नियमही आठवले. "पण तुम्ही लिपिक ना? सुरक्षेचं काम केलं असं खोटं मी कसं लिहू?" आणि त्यांनी लिहून दिलं, 'लिपिक म्हणून काम समाधानकारक.'

जिन्यातच मी ओरडलो, "परत आत जा! सही करा नाहीतर मेव्हणा बाहेर काढते म्हण!"

"बोलणार नाही असा तेव्हाच शब्द दिलाय त्यांना. कुणाचा पैसा गेला नव्हता."

"आणि तुझं काय काय गेलं?"

ती जिना उतरत राहिली. शब्द तिने दिला होता, मी नाही; म्हणून लिहितोय.

अर्ज परत आला. सुरक्षेच्या कामाचा अनुभव दिसून येत नाही, म्हणे. खुर्चीवर बेंगळुरूहून आलेला एक पोरगा बसला. वाईट नाही बिचारा, अक्काला 'मॅडम' म्हणतो.

परवा धारवाडच्या बसला अक्का भेटली. नेहमीपेक्षा उशीर झाला होता, चेहरा उतरलेला.

"त्या पोराला काम शिकवत बसले होते."

"तू? त्याला? बुडू दे की बँक!"

"बुडणार कोण रे? साहेब? अमरगोळच्या मार्केट यार्डातले हमाल बुडतील. पेठेतल्या भाजीवाल्या बुडतील. त्यांचे पैसे आहेत आत."

बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी शेजारी. नवनगर मागे पडलं तशी तिने मान मागे टेकली आणि मी काही विचारलेलं नसताना म्हणाली, "फार दमलेय रे."

एवढं तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.