मुठीतली माती

आमच्या शेजारचे ते गृहस्थ फाउंड्रीत लोखंड ओतायचे मातीचे साचे भरायचे. माती दिसली की मुठीत दाबून बघायची, ही त्यांची खोड. माझ्या कुंड्याही त्यातून सुटल्या नाहीत.

चिंचवडच्या एका शाळेत पंचमहाभूतांवर कलाप्रदर्शन भरलं, तेव्हा मीच त्यांना घेऊन गेलो. 'पृथ्वी' म्हणून एका चित्रकाराने नदीकाठच्या मातीचा ढीग रचला होता. यांनी सरळ मूठ भरून दाबली.

"झकास हाय, राव. साचा धरंल."

मी ओशाळलो. चित्रकाराने मात्र बोटं उमटलेला तो गोळा ढिगावर मधोमध ठेवला. "आता पूर्ण झालं!" लोक जमले.

यांनी गोळा उचलला, कुस्करला आणि ढिगात मिसळला.

"नुसता ठिवला तर वाळून जाईल, मग साच्याला चालायचा न्हाई," ते म्हणाले.

टाळीसाठी उचललेले माझे हात तसेच राहिले.