छातीचा धागा, डोक्याला रफू

बाकीचे दुकानदार गिऱ्हाइकाला तोंड दाखवतात, रफूवाला टाळू दाखवतो. कोट मांडीवर, मान खाली, सुई चालू. आणि गिऱ्हाईक काउंटरला टेकून उभं. त्याने दुसरं बघावं तरी काय?

आमच्या रफूवाल्यांना टक्कल होतं तोवर कुणाचं काही अडलं नव्हतं. पण पाच वर्षांपूर्वी मेव्हण्याने त्यांच्या डोक्यात केस रोवून घ्यायचं खूळ भरलं. "दाजी, माझ्या ओळखीतला माणूस आहे. एका दुपारचं काम."

काम एका दुपारचंच झालं, आणि तसंच दिसलं. त्या माणसाने मानेवरचे, कानामागचे असतील नसतील तेवढे केस काढले आणि कपाळाच्या वर पट्टीने आखल्यासारख्या चार ओळींत लावले. एक पुंजका, मोकळी जागा, परत पुंजका. बँडेज सुटलं तेव्हा बायको दोन्ही बाजूंनी बघून म्हणाली, "अहो, हा तर कपडे धुवायचा ब्रश!"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. एखाद्या कारकुनाने सोसलं असतं. पण ज्याने जन्मभर लोकांच्या कोटांची भोकं मालकालाही सापडू नयेत अशी बुजवली, त्याच्याच टाळूवरचे टाके रस्त्यापलीकडून मोजता यायला लागले. गिऱ्हाइकं कोट पुढे करायची, डोक्याकडे बघायची आणि कोट हळूच मागे घ्यायची.

रफूवाल्यांनी टोपी चढवली. टोपीच्या कडेची सावली धाग्यावर पडायला लागली, म्हणून खिडकीतली खुर्ची उचलून आत ट्यूबखाली नेली. तिथे निळा आणि काळा एकच दिसतो. महिन्याभरात दोन निळे कोट काळ्या धाग्याने भरले गेले आणि दोन्ही परत आले. खिडकी सुटली की रफूवाला संपला, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

दुसरा कोट परत आणणारी बाई कातडीची आणि केसांची डॉक्टर निघाली. तिने धागा पाहिला, ट्यूब पाहिली, टोपी पाहिली. "हात तुमचा चांगला आहे काका, उजेड वाईट आहे. टोपी काढा बघू."

त्यांनी काढली. ती हसली नाही, एवढ्यावरच ते अर्धे तिचे झाले.

"हे पुंजके उसवून, सुटे करून विखरून लावता येतील. पण तेवढ्याने भागणार नाही, आणखी केस लागतील. आणि मागचा साठा त्या माणसाने संपवलाय."

"मग आणायचे कुठून?"

तिने त्यांच्या सदऱ्याच्या उघड्या गुंडीकडे बोट केलं. आत जंगल माजलं होतं. "इथून. थोडे हनुवटीखालचे."

रफूवाल्यांनी मान खाली घालून छातीकडे पाहिलं. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "मॅडम, हे तर आमचंच काम! बाहेरचा धागा लावायचाच नाही, त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतला काढायचा."

"चला, म्हणजे तुम्हाला समजावत बसायला नको."

"नको. आता मीच तुम्हाला समजावतो."

बाईंनी तिथेच सावध व्हायला हवं होतं. दोन दिवस ऑपरेशनच्या टेबलावर त्यांचं डोकं बधिर होतं, तोंड नव्हतं. "काठ सरळ नको, जरा विसकटलेला ठेवा. दोन टाके समोरासमोर आले की डोळा तिथेच अडकतो. अन् पांढरे का बाजूला टाकताय?"

"पांढरे कशाला लावायचे, काका?"

"कानशिलं पिकलीत की माझी. जुन्या कोटाला कोरा धागा लावला की भोक बोंबलून सांगतं, मी इथं होतं म्हणून."

बाई थांबल्या आणि त्यांनी तीन काळ्यांमागे एक पांढरा घेतला. "काका, एकदाच सांगा, हत्यार मी धरू की तुम्ही?"

"तुम्हीच धरा. माझा हात मागे पोचत नाही."

घरी बायकोने छाती बघितली. "अर्धी सोललेली कोंबडी. आता हिलाही टोपी शिवा."

लावलेले केस तिसऱ्या आठवड्यात गळाले. बाईंनी आधीच बजावलं होतं, हे गळणारच, मुळं आत राहतात. डोक्याला ते पटलं होतं, काळजाला नाही. रफूवाले उशीवरचे केस भिंगाखाली धरून बसायचे. "अगं, दुमडीतला धागा संपला. आता परत काढायला काही नाही."

त्या दिवशी बायकोने थट्टा केली नाही. ती रोज सकाळी रिळं आणि कोट घेऊन खिडकीत जायची, रंग जुळवायची, धागा ओवून सुई आत आणून द्यायची. पुढचे सहा महिने तिने असं दुकान चालतं ठेवलं.

मग केस उगवले. डोक्यावर बढती झाल्याचं छातीच्या केसांना कुणी कळवलं नसावं. दोन बोटं वाढायचे, वळायचे आणि थांबायचे. पण रेघ गेली होती.

आठव्या महिन्यात खुर्ची खिडकीत आली, टोपी खुंटीला राहिली. पहिलं गिऱ्हाईक समोर उभं राहिलं तेव्हा रफूवाल्यांच्या मानेवरून घामाची धार लागली.

"काका," ते गिऱ्हाईक म्हणालं, "कोपरापाशीपण विरलंय, तेवढं बघा."

बस्स. दुसऱ्यानेही काही म्हटलं नाही, तिसऱ्यानेही. निळा निळ्याला लागत होता, कोट परत येत नव्हते. आठ दिवस असे गेले आणि रफूवाले चिडले.

"इतकं सोसलं, आणि एक माणूस विचारेना!"

"न विचारावं म्हणूनच केलं ना?" बायको म्हणाली.

"म्हणून काय अगदीच विचारू नये?"

नवव्या दिवशी एक निवृत्त मास्तर स्वेटर न्यायला आले. उलटसुलट करून म्हणाले, "वा! भोक होतं कुठं हो?"

"ते राहू द्या, मास्तर." रफूवाल्यांनी मान त्यांच्या नाकाखाली घातली. "यात छातीचे कुठले ते सांगा."

मास्तरांनी दोन पावलं मागे घेतली. मग राहवेना, चष्मा लावून वाकले. "नाही बुवा, ओळखू येत."

"आता हनुवटीचे शोधा."

"अहो, सोडा त्यांना!" आतून बायको ओरडली. "बस जाईल त्यांची!"

"थांबा हो वहिनी," वाकलेले मास्तर म्हणाले, "एक सापडल्यासारखा वाटतोय."

"कुठला? हा?" रफूवाले मान वर न करता म्हणाले. "चुकलात. तो मूळचा."