खालच्या आजोबांचे तीन सीझन

जर्मनीत नेकारसुल्मला आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक अमेरिकन आजोबा राहतात. वय नव्वदीचं, तरी आमच्या दारातून आत येताना अजून वाकावं लागतं त्यांना. तरुणपणी ते तिकडे आधी कॉलेजकडून आणि मग पगारी टीमकडून बास्केटबॉल खेळले. आमची लेक त्यांची भक्तच.

गेल्या वर्षी तिला दूर हॅम्बर्गच्या एका बास्केटबॉल क्लबने बोलावलं. तिथेच राहायचं, खेळायचं आणि अबिटूर, म्हणजे इथली बारावी, अर्धवट सोडायची. महिनाभर घसा फोडला मी. "अहो, तुम्ही तरी बोला तिच्याशी!" तर नवरा इथल्या जर्मनांसारखा शब्द लांबवत म्हणतो, "आल्झो... बघू." बघू म्हणे! हे खूळ तिच्या डोक्यात खालच्या आजोबांनीच भरवलंय, अशी माझी खात्रीच झाली.

एका रविवारी तडक खाली गेले. भांडायला निघाले तरी वडीलधाऱ्यांकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून चिवड्याचा डबा घेतला. बघते तर लेक आधीच तिथे बसलेली. मग काय, डबा टेबलावर ठेवला आणि ऐकत बसले.

आजोबा तिला आपलीच कथा सांगत होते. कॉलेजात असताना हॉल खच्चून भरायचा, रस्त्यात लोक थांबवून हात मिळवायचे. पदवी हातात यायच्या आधीच ते कॉलेज सोडून टीममध्ये गेले. हिवाळाभर खेळायचं आणि उन्हाळ्यात दुकानात गिऱ्हाइकांच्या पायात बूट चढवायचे, कारण नुसत्या खेळावर घर चालत नव्हतं. तिसऱ्या सीझनला गुडघा गेला. टीम पुढच्या गावी निघून गेली, हे हॉस्पिटलात.

"त्यानंतर इथे मुलांना बास्केटबॉल शिकवायला येईपर्यंत मी बूटच विकले," आजोबा म्हणाले. "तू आधी शाळा संपव. खेळ कुठे पळून जातोय?"

अहो, हेच तर मी महिनाभर सांगत होते! पण आईचं कोण ऐकतंय.

वर येताना लेक जिन्यात थांबली. "आई, मी क्लबला नाही म्हणून कळवते," म्हणाली, आणि पायरीवर बसून ढसाढसा रडायलाच लागली. "मला जायचंच नव्हतं गं. एकटीने तिथे कसं राहायचं? पण सगळ्यांना सांगून बसले होते. आणि तू नको म्हणालीस की मला अजूनच चेव यायचा."

हुश्श! छातीवरचा धोंडा उतरला माझ्या. तिथेच तिच्या शेजारी बसले. हसावं की रडावं कळेना. महिनाभर आम्ही दोघी एकाच गोष्टीला घाबरत होतो आणि एकमेकींशी भांडत होतो.